नत्थूभाऊंच्या जहाजांचं लाकूड

नत्थूभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा आला, तेव्हा मी आलापल्लीला माझ्या अंगणात बसून जहाजाच्या एका पट्टीला पॉलिश पेपर घासत होतो. "काका, बाबा गेले. सकायी चहा घेतला, आंग दुखते म्हनून पडले, आन् उठलेच नाई," एवढंच ती बोलली. अशा वेळी माणसाला पहिल्यांदा काय सुचावं? मला सुचलं, आता त्यांच्या घराच्या मागच्या खोलीचं कुलूप उघडेल. काही आठवडे झाले, पण त्या विचाराची लाज अजून जात नाही. चार वर्षं ज्यांनी मला हाताला धरून शिकवलं, त्यांच्या मरणाची बातमी ऐकून मी आधी त्यांच्या कुलपाचा विचार केला. मी त्यांचा मित्र होतो की त्यांच्यावर ठेवलेली पाळत, हे मला ठरवता येत नाही. आणि त्यांनी ते ओळखलं होतं का, याची तर मला धास्तीच होती.

मी वनखात्यात वनपाल होतो. नोकरीतली निम्मी वर्षं तपासणी नाक्यावर काढली. बैलबंडीत तणसाखाली काय दडवलंय, ते बैलांच्या चालीवरून ओळखायचो. लग्नाच्या आंदणात चाललेल्या पलंगाचीही पावती मागितली आहे मी. निवृत्त झालो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. माझी बायको म्हणते, "तुमी त देवाच्या चौरंगाचाबी परवाना मागान." तर असा मी, एका शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणा म्हणून गेलो आणि तिथे टेबलावर हातभर लांबीचं शिडाचं जहाज पाहिलं. समुद्र इथून किती लांब, अन् हे जहाज इथे कसं, म्हणून लोक कौतुक करत होते. मला जहाज दिसलंच नाही. मला सागवान दिसलं. उत्तम, सरळ रेषेचं, एक गाठ नसलेलं सागवान.

चौकशी केली. जहाज करणारा तळ्याकाठच्या गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला म्हातारा होता, नत्थूभाऊ नावाचा. उमेदीत सेंट्रिंगच्या कामाला विशाखापट्टणमला गेला होता, तिथे बंदरावरची जहाजं लांबून बघत राहिला, आणि गावी परतल्यावर मुलीच्या मोबाइलवर बघून बघून लाकडाची जहाजं करायला लागला. माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी स्कूटर काढून त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मले शिकाचं हाये." ते घरापुढच्या सपरीत रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली, माझ्या खाकी रंगाच्या जुन्या पँटकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या दुरून काऊन येता साहेब?" मी म्हटलं, "टाइम जात नाई." ते म्हणाले, "बरं, बसा." त्या दिवशी निघताना मी रंध्यातून पडलेली एक कुरळी साल गुपचूप खिशात घातली. घरी येऊन हुंगली. वास ताजा होता. जुन्या सागालाही रंधा लागला की तसाच वास येतो, हे मला चांगलं ठाऊक होतं... पण संशयाला सोयीचं होतं तेवढंच मी नाकात घेतलं.

शिकायला गेलो तो पुरावा शोधायला, आणि शिकत गेलो ते नाइलाजानं. आधी कणा, मग त्यावर फासळ्या, मग फासळ्यांवर गरम पाण्यात भिजवून वाकवलेल्या बारीक पट्ट्या. पट्ट्या धरून ठेवायला कपडे वाळवायचे चिमटे. पहिल्या महिन्यात माझी सगळी बोटं चिकटली, दोन पट्ट्या मोडल्या. मी घाईचा माणूस, उजवी बाजू छान जमते आहे म्हणून वरपासून खालपर्यंत उजवीच लावून टाकली. आठ दिवसांनी गेलो तर कणा केळ्यासारखा वाकलेला. नत्थूभाऊंनी ते जहाज हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि शांतपणे म्हणाले, "एक पट्टी इकडून, एक तिकडून, असं लावा लागते साहेब. एकाच बाजूनं वढत गेले त लाकूड तरी का करन?" रागावले नाहीत. सगळ्या पट्ट्या सोडवून परत पहिल्यापासून करायला लावलं, एवढंच.

लाकूड मात्र ते कधी समोर ठेवत नसत. लागलं की उठायचे, मागच्या खोलीचं कुलूप उघडायचे, आत जाऊन एकच तुकडा घेऊन यायचे आणि पुन्हा कुलूप. किल्ली करगोट्याला. मी आडून आडून खडे टाकून पाहायचो. "लाकूड लय चांगलं हाये भाऊ." तर म्हणायचे, "चांगलंच हाये." एकदा ते तळ्यावर गेले असताना मी दाराच्या फटीला डोळा लावला. ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक रचलेलं दिसलं. माझी खात्रीच पटली. जुन्या हाताखालच्या पोरांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. तो फोन मी केला नाही. नाही केला, याचं मला तेव्हा बरंही वाटलं नव्हतं. सरकारचं मीठ खाल्लेला माणूस, आणि चोराच्या घरी चहा पितो आहे, असं वाटायचं. स्वतःला सांगायचो, जहाज पुरं होऊ दे, मग बघू. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं...

शिडं लावण्याआधी प्रत्येक जहाज तळ्यात सोडायचं, हा त्यांचा नेम. मोबाइलवरचे लोक जहाज काचेच्या पेटीत ठेवतात, हे त्यांना पटायचं नाही. "जो तरंगलाच नाई तो डोंगा कशाचा," म्हणायचे. माझं पहिलं जहाज पाण्यात सोडल्याबरोबर कुशीवर झोपलं. काठावर जाळं विणत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नत्थूभाऊ गुडघाभर पाण्यात गेले, त्यांनी ते उचललं, पोटात शिशाचे मणी घातले, जाळ्याला लावतात तेच, आणि परत सोडलं. ते सरळ उभं राहिलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. आणि लगेच मनात आलं, हा हात रात्री कुठे कुऱ्हाड चालवतो कोण जाणे. मी असा माणूस आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू?

तेरवीनंतर सुनीतानं मला मागच्या खोलीत नेलं. कुलूप तिनंच काढलं. ताडपत्रीखाली जुन्या घराची म्यालं, म्हणजे छताच्या तुळया होत्या, खांब होते, धुरानं काळे पडलेले, काहींवर खिळ्यांची भोकं. घरकुल मंजूर झालं तेव्हा बापाच्या हातचं घर पाडावं लागलं, आणि त्याचं सगळं सागवान त्यांनी इथे रचून ठेवलं होतं. आमच्या भागात स्वतःचं सागवानही माणूस झाकूनच ठेवतो. आमच्या खाकीची ती भीती आहे. मग सुनीतानं एका डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. तिच्या आजोबांच्या नावचा परवाना. घर बांधायला सरकारी आगारातून मिळालेल्या लाकडाचा, घडीवर फाटलेला, शिक्का पुसट झालेला. अशा कागदांवर माझं आयुष्य गेलं, तो खरा आहे हे हातात घेताच कळलं.

मी तिला म्हटलं, "माय, हा मले एकदा दाखवला असता त..."

"मी म्हनलं होतं बाबाले," ती म्हणाली. "पयल्याच महिन्यात. म्हनलं, साहेब लाकडासाठीच येऊन राह्यले, कागद दाखवून मोकये व्हा. त बाबा म्हने, दाखवला त येनं बंद करतीन. बसू दे. मलेबी कोनी बोलाले पायजे."

ती चहा टाकायला आत गेली. मी त्या काळ्या म्यालांकडे बघत बसलो. चार वर्षं मी समजत होतो की मी त्यांना बोलतं करतो आहे, आणि त्यांनी माझा संशयच धरून ठेवला होता, मी येत राहावं म्हणून. अजूनही कधी कधी वाटतं, सुनीता मला बरं वाटावं म्हणून तर असं बोलली नसेल? खोड जात नाही.

तिच्या हट्टानं मी एक हातभर तुकडा घेतला, माझं अर्धं राहिलेलं जहाज पुरं करायला, आणि तो कागदही मागून घेतला. स्कूटरला मागे तुकडा बांधला, उघडाच, वर काही टाकलं नाही. वाटेत नाका लागला. तिथला गार्ड माझ्या हाताखाली शिकलेला. मला पाहताच त्यानं बांबू वर केला आणि हसून म्हणाला, "जा साहेब. तुमाले का इचाराचं?"

मी स्कूटर बंद केली, खाली उतरलो.

"नाई," मी म्हटलं. "लाकूड कुठून आनलं, ते इचार. तोंडावर इचार."

तो गोंधळला, पण त्यानं विचारलं. मी कागद पुढे केला. त्याची मुदत कधीच संपलेली, कायद्यानं तो कुठल्याच नाक्यावर चालला नसता. "माझ्या मित्राच्या घरचं हाये," असं सांगायचं ठरवलं होतं. मित्राच्या, इथपर्यंत बोललो, आणि दोरी सोडून तो तुकडा त्याच्या हातात दिला.