कापलेला कोपरा

प्लॉट विकणाऱ्याने आमच्या शेजारच्या सोपानमामांना फसवलं. त्याआधी त्याने मला फसवलं होतं. माझी जागा विकताना जी पट्टी त्याने "हा तुमचा रस्ता" म्हणून दाखवली, तीच पट्टी पुढे मामांच्या प्लॉटात धरून त्यांना विकली. हे मी कुजबुजत सांगत नाही. माजलगावच्या फळबाजारात माझा आवाज किती चढतो ते लोकांना माहीत आहे, आणि त्याच आवाजात हे मी त्याच्या दारात उभी राहून सांगून आले आहे. मामा मात्र त्याच्याबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. आता तर ते बोलायलाच राहिले नाहीत...

बातमी आली तेव्हा मी पपईच्या गाडीवाल्याशी भांडत होते. बीडच्या दवाखान्यात मामांना नेलं होतं, दोन दिवसांत येतील असं सगळे म्हणत होते. फोनवर माझे पती रशीद एवढंच म्हणाले, "मामा गये." गाडीवाल्याने मघाचाच भाव पुन्हा सांगितला. मी म्हणाले, "उतरव." तो बघतच राहिला. "शमीमबाई, तब्येत बरी हाय ना? आज घासाघीस न्हाई?" बसस्टँडसमोर पाटीत सीताफळं विकत मी स्वतःचा गाळा उभा केला, सांगितलेल्या भावाला मी कधी माल उतरवला नव्हता. आणि गाळ्यावर परतताना माझ्या मनात पहिला विचार आला तो मामांचा नव्हता, रस्त्याचा होता. मामा असते तर त्यांनाही हे पटलं असतं, असं मला वाटतं.

ज्यांनी आमची गल्ली पाहिली नाही त्यांना सांगते. गल्लीला दोन तोंडं आहेत. एका तोंडाला नाला आहे, त्यावर पायऱ्यांची अरुंद फरशी. धडधाकट माणूस तिथून उड्या मारत जातो. रशीद जाऊ शकत नाहीत. ट्रकच्या अपघातानंतर त्यांचे पाय गेले. हाताने चालवायची तीनचाकी सायकल हेच त्यांचे पाय. त्या सायकलीवरून ते रोज गाळ्यावर येतात, गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, शुक्रवारी नमाजला जातात. हे सगळं दुसऱ्या तोंडाने, त्या पट्टीवरून. ती बंद झाली तर माझा माणूस घरात बंद झाला. एवढंच आहे, आणि माझ्यासाठी हेच सगळं आहे.

मामा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उसाच्या गाड्या काट्यावर मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काट्यावरचा माणूस म्हटलं की आमच्याकडे लोक आधी खिसा चाचपतात. बायको वारलेली, मुलगा संतोष पुण्यात, म्हणून तेलगावचं घर सोडून ते इथे जागा घ्यायला आले. प्लॉटवाल्याने त्यांना जागा दाखवली ती उन्हाळ्यात, भर दुपारी. तो सगळ्यांना दुपारीच आणतो. त्या वेळी गल्ली झोपलेली असते, पट्टीवर चिटपाखरू नसतं. पाटीत वरचा थर चांगल्या फळांचा लावणारे मी आयुष्यभर पाहिले, पण माणसं झोपलेली असताना त्यांचा रस्ता विकणारा हा पहिलाच.

व्यवहार झाल्यावर मामा एकदा सकाळी आले, आणि कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हातात कागद नाही, टेप नाही, नुसते बसलेले. गल्लीत कुजबुज सुरू झाली की नवा मालक भिंत घालायचा मुहूर्त बघतो आहे. माझ्या जिवाला घोर लागला. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचून गेले.

"काय बघायलाव ओ इथं बसून?"

"पाय बघायलोय, बाई."

"कुणाचे?"

"समद्यांचे. कोण कुठून जातंय ते. मला वाटलं जागा रिकामी हाय... ही तर वाहती हाय."

"मग? बंद करणार?"

"करू का?"

"करून बघा!"

ते हसले. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी तयारीला लागले. पट्टी विकत मागायची, सुरुवात अगदी खालून करायची, मग आवाज चढवायचा, मग रडायचं, शेवटी नगरपालिकेची धमकी. कुठल्या वाक्यानंतर कुठलं वाक्य ते सगळं ठरवलं आणि पेरूची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाई, घर थोडं आत घेतो. रस्ता ऱ्हाऊ द्या." माझी सगळी वाक्यं तोंडातच राहिली. खरं सांगते, मला रागच आला. भाव न करता कोणी जागा सोडतं का? यात काहीतरी खोट असणार. "तुम्हाला काय पाहिजे त्याच्या बदल्यात?" मी विचारलं. ते म्हणाले, "काट्यावर आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. वजन बरोबर असलं तरी शिव्या. आता दारावरून जाणाऱ्यानं तरी शिव्या देऊ नयेत, एवढंच." माझा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस मी धास्तावलेली असायचे, की आज मागतील, उद्या मागतील. ते फळं घ्यायचे तेही सांगितलेल्या भावाने. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "मामा, थोडी तरी घासाघीस करा. मला बरं वाटंना!"

घराची आखणी झाली त्या दिवशी त्यांनी रशीदना बोलावून घेतलं. पट्टी त्यांच्या घराला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागणार होती. वळणावर मामांनी विटा नुसत्याच जमिनीवर मांडल्या. म्हणाले, "रशीदभाई, वळवा गाडी." चाक विटांना धडकलं. मामांनी विटा आत सरकवल्या. "आता?" पुन्हा धडकलं. पुन्हा आत. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत होता. तो ओरडला, "मालक, हा ईशान्येचा कोपरा हाय! देवघराची जागा. ईशान्य कापायलाव? कुठला मिस्त्री हे बांधील?"

"तू बांधशील."

"अवो, घर लाभत न्हाई असलं."

"देवाला कोपरा लागत न्हाई बे, रशीदभाईच्या सायकलीला लागतो. देव मधल्या खोलीत बसंल."

रशीद म्हणाले, "मामा, राहू द्या, मी मागंपुढं करून वळवीन." मामा म्हणाले, "रोज मागंपुढं? ह्या वयात?" आणि सायकल एका दमात वळेपर्यंत विटा सरकवत राहिले. मी माझ्या दारातून बघत होते. मला भीती वाटत होती की एवढी जागा गेलेली पाहून हा माणूस उद्या शुद्धीवर येईल.

ते शुद्धीवर आले नाहीत. बांधकाम चाललं तेव्हा त्यांनी वाळू स्वतःच्या हद्दीत टाकायला लावली. फरशी कापायचं मशीन कधी चालवायचं ते दारोदार विचारून आले. कुणाच्या घरी बाळंतीण होती, कुणाची मुलगी दहावीला, रशीदना दुपारी औषधाने झोप लागायची. मिस्त्री चिडून म्हणायचा, "मालक, घर बांधायलाव का गल्लीला इचारायलाव?" वास्तुशांतीला पूजेला संतोष आणि त्याची बायको बसले. मांडव गच्चीवर घातला, रस्त्यात एक बांबू रोवू दिला नाही. संतोषने मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, कोपरा काहून कापला?" मामा म्हणाले, "राहायला आल्यावर कळंल." तो राहायला कधी आलाच नाही.

माझं आणि मामांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचे, "हा रस्ता नगरपालिकेच्या नावावर करून टाका. माणसाचा काय भरवसा?" ते म्हणायचे, "माझा न्हाई का भरवसा?" मी म्हणायचे, "तुमचा हाय, तुमच्या श्वासाचा न्हाई." असं तोंडावर बोलायचे मी, आणि ते हसायचे. शेवटी तयार झाले. नारायणगडाला दर्शनाला जाऊन येतो, मग आपण दोघं कचेरीत जाऊ म्हणाले. गडावरून आले ते ताप घेऊनच. मी डब्यात मोसंबी सोलून पाठवत होते, आणि ताप उतरायची वाट बघत होते... माणसासाठी किती आणि कचेरीसाठी किती, ते मला आजही सांगता येणार नाही. या गोष्टीत मामा, तुम्ही मला फसवलंत. हा एकच व्यवहार तुम्ही अर्धा सोडलात.

मामांचं दिवसकार्य झाल्यावर संतोष माझ्याकडे आला. मान खाली घालून बसला. "ताई, कागदावर रस्ता न्हाई. प्लॉटच हाय. आणि गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक कोण, तर ज्याने जागा विकली तोच प्लॉटवाला. तो जागा परत घेणार, घर पाडणार, मोठ्या रस्त्याच्या बाजूने दुकानं काढणार. मी संतोषला म्हणाले, "तुझ्या बापानं कोपरा कापला तो दुकानासाठी का?" त्याने अजून सही केलेली नाही, एवढाच मला आधार आहे. पण गेल्या रविवारी प्लॉटवाल्याची माणसं टेप घेऊन आली आणि भिंत आखायला वळणावर चुन्याची आडवी फक्की मारून गेली. पांढरी रेघ, थेट माझ्या भिंतीपर्यंत. तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की मी गाळ्यावर असले तरी उठून उभी राहते. विटांचा ट्रॅक्टर असेल, आपल्याच गल्लीकडे वळेल, असं वाटतं. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि मला दोनदा विचारावं लागतं की काय म्हणालात.

कापलेल्या कोपऱ्याला मामांनी गिलावा गोल करून घेतला होता, हात खरचटू नये म्हणून. वळताना रशीद तिथे तळवा टेकवतात. रोज टेकवून टेकवून तिथला रंग उडाला आहे, हाताएवढी जागा गुळगुळीत आणि काळसर झाली आहे. आजही ते टेकवतात. फक्कीच्या रेघेवरून चाक गेलं की पांढरा पट्टा गाळ्यापर्यंत उमटत येतो. आणि गाळ्यावर पोहोचले की रोज एकच विचारतात, "शमीम, दीवार बंधी तो मैं किधर से जाना?"

प्लॉटवाले शेट, पेपरच्या ज्या पुरवणीत मी हे लिहिते आहे ती तुमच्या घरी येते हे मला माहीत आहे. तुम्ही या. दुपारी नको, सकाळी या, गल्ली चालती असते तेव्हा. मामांची प्लास्टिकची खुर्ची कोपऱ्याशीच आहे, मी ती पुसून ठेवली आहे. तिच्यावर बसा. पाय बघा. रशीद सायकल घेऊन तुमच्यासमोर येतील आणि तोच प्रश्न विचारतील. मला त्याचं उत्तर येत नाही. हा रस्ता दाखवलात तुम्ही आणि विकलातही तुम्ही... तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघून उत्तर तुम्हीच द्या.