दुधीवाला

सारसोळ्याचा तो कोळी आणि मी आठवड्यातून दोनदा खाडीपलीकडच्या इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर डायलिसिसला पडायचो. रक्तातलं फॉस्फेट वाढू नये म्हणून डॉक्टरांनी दोघांनाही खडूसारख्या गोळ्या दिल्या होत्या. त्या जेवतानाच चावून खायच्या, नाहीतर उपयोग शून्य. मी शहाण्यासारखा खायचो. हा मात्र डायलिसिसच्या सकाळी, उपाशीपोटी, तीन दिवसांच्या गोळ्या एकदम फस्त करून यायचा आणि मग खाटेच्या दांडीला म्हशीसारखी पाठ घासत बसायचा. फॉस्फेट वाढलं की अशी खाज सुटते.

"अरे, जेवणाबरोबर घे की," मी म्हणायचो.

"सायेब, बोंबलासंगती खडू खाल्ला तं बोंबलाची इज्जत जाते."

सुके बोंबील डॉक्टरांनी केव्हाच बंद केले होते. "जेवणात काय?" असं त्यांनी विचारलं की हा गंभीरपणे "दुधी" म्हणायचा, आणि त्या दुधीच्या वासाने नर्स नाकाला रुमाल लावायची.

पावसाळ्यानंतर तो गेला. दहाव्याला खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. शेवटी त्याच्या बायकोने भाजलेला सुका बोंबील ठेवला. मी खिशातल्या माझ्या दोन गोळ्या शेजारी ठेवल्या. म्हटलं, लेका, आता तरी जेवणाबरोबर घे.

कावळा आला. त्याने मान तिरकी करून गोळ्यांकडे बघितलं, बोंबील उचलला आणि उडाला.

"त्योच हाय," बायको म्हणाली आणि रडता रडता हसली.

मी गोळ्या उचलून पुन्हा खिशात टाकल्या. माझ्या घरी खरोखरच दुधी होता.