सणकाड्यांवरची फटफटी

पेट्रोल महागलं होतं त्या साली, धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोन्ही जावयांना हातकणंगल्याला जेवायला बोलावलं. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. मळीपासून टाक्याच्या टाक्या स्पिरिट काढायचो, पण सासुरवाडीत माझी ओळख 'दारूच्या कारखान्यात हायत' एवढीच.

साडू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. अंबाडीचा दोरासाठी वाख काढून उरलेल्या सणकाड्या ॲसिडात उकळून, मग आंबवून, त्यानं त्यांचं बाटलीभर स्पिरिट आणलं होतं. ज्या काड्यांनी सासूबाई चूल पेटवायच्या, त्यांच्यावर हा फटफटी चालवणार होता! जेवणं झाल्यावर त्यानं बाटली आपल्या फटफटीच्या टाकीत ओतली. यात पाणी राहिलंच असणार, आता खोकून बंद पडणार, असं मी मनात घोकत उभा. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

सासऱ्यांनी पटका बांधला आणि त्याच्या मागं बसले. माझ्या फटफटीवर ते कधी बसले नव्हते. कंबर दुखती म्हणायचे. त्या दिवशी कंबर बरी झाली. दोघं स्टेशनापर्यंत जाऊन परत आले.

"स्पिरिट काढावं तर असं!" सासरे उतरता उतरता म्हणाले.

मी तडकलो. "मामा, आमच्याकडंबी हेच स्पिरिट निघतंय की!"

"व्हय की. पर तुमच्यानं मानूस पडतंय, ह्यांच्यानं गाडी पळतीया."

बायकोला अंबाडीची भाजी जीव की प्राण. आजतागायत मी ती घरात शिजू दिलेली नाही.