फळीवरचे पंच

शिंप्याच्या दुकानात कातरण कुणी मुद्दाम साठवत नाही. एक तुकडा खाली पडतो, दुसरा पडतो, वाकायचा कंटाळा येतो, आणि एक दिवस बघावं तर मशीनचं पायडल हलेना! कुस्तीशौकिनांचे किस्से माझ्याकडं असेच साठले. मी एकही मागितलेला नाही.

पन्नास सालाच्या आगंमागं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, तालमीला लागून माझं दुकान होतं. पैलवानांचे लंगोट आणि जांगे शिवायचे, बस्स. शाळा मी बाहेरनं बघितली; अक्षरं जुळवायला शिकलो ती डोक्याचे केस पिकल्यावर. तरी शिंपी म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणायचे. दुकानापुढं एक लाकडी फळी टाकली होती, गिऱ्हाइकानं टेकावं म्हणून. गिऱ्हाईक उभंच राहायचं, आणि फळीवर तिघं बसायचे.

आप्पा कचेरीत कारकून. त्याला वाचता यायचं, म्हणून त्याला सगळंच कळायचं. यशवंता टांगेवाला. रस्त्यातली माणसं बाजूला व्हावीत म्हणून देवानं दिलेला आवाज तो आमच्यावर वापरायचा. तिसरा गुंडूमामा, भजी तळायचा. मामानं उभ्या जन्मात एकच कुस्ती केली आणि ती हरली. त्यामुळं कोण का हरला, यावर शेवटचा शब्द मामाचा!

* * *

एकदा आप्पा पेपर घेऊन आला. पंजाबचा एक चॅम्पियन आणि साताऱ्याकडचा एक नवा पोरगा, अशी मोठी जोड मुंबईत ठरली होती. झालं! तीन दिवस फळी तापली.

"पंजाबी धा मिंटात घालवतोय का न्हाय बघा!" यशवंता.

"त्येचा दम बघितलाईस काय? नवा पोरगा त्येला पळवून पळवून मारणार!" मामा.

"दोघंही चुकताय. ही कुस्ती बरोबरीत सुटणार," आप्पा.

चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. माप देता देता त्यानं पेपरवर नजर टाकली. "पावणं, ह्यो पेपर पंधरा दिसांचा जुना हाय की! ही कुस्ती कवाच झाली. नवा पोरगा जिंकला."

कचेरीत साहेबांचं वाचून झालं, शिपायाचं झालं, की मग पेपर आप्पाच्या हाती यायचा. फळी गप्प झाली. मला वाटलं, चला, आज दोन जांगे जास्त होतील.

यशवंता उठून उभा राहिला. "झाली असंल कुस्ती! पर मी मत दिलंय ते दिलंय. पंजाबीच जिंकणार!"

* * *

आकडे मला कळत नव्हते. म्हणून प्रत्येक पैलवानाच्या मापाची मी एक दोरी ठेवायचो. पहिली गाठ कमरेची, पुढच्या दोन मांड्यांच्या. दोऱ्या भिंतीवर खिळ्यांना. कुणाची कुठली, ते माझं मला ठाऊक.

एका नावाजलेल्या चॅम्पियनचीही दोरी त्यात होती. हे फळीला कळलं आणि माझी पीडा वाढली. येईल त्याला ती दोरी दाखवायची. लोक हात लावून डोक्याला लावायचे.

एक दिवस मामानं ती दोरी स्वतःच्या कमरेला गुंडाळली. टोकाला कमरेची गाठ भिडेना. वीतभर दोरी कमी पडली. मामा आनंदानं लाल झाला. "बघा! चॅम्पियनपरास मी वीतभर मोठा हाय!"

"हायसच की," यशवंता म्हणाला. "आता श्वास सोड, म्हंजे हातभर हुशील!"

* * *

मग एका साली बॉक्सिंगचा खेळ आला. तंबू ठोकला, पाट्या लागल्या. प्रत्येक पाटीवर कुणी ना कुणी चॅम्पियन! आप्पानं अमेरिकेतल्या बॉक्सरांच्या बातम्या आधी वाचलेल्या, त्यामुळं कोण कुणाला कितव्या राउंडला झोपवणार हे तो न बघताच सांगायचा.

त्यांच्यातल्या एकाच्या ग्लोव्हजची शिवण उसवली आणि तो हातमोजा माझ्याकडं आला. फळीवरचे तिघं आत घुसले.

"आत लोखंड असतं," आप्पा.

"शिसं!" यशवंता.

"दगुड असणार. त्याशिवाय माणूस आडवा पडंल व्हय?" मामा.

मी टाके उसवून दाखवलं. आत घोड्याचे केस. तिघांनी हात घालून बघितलं. यशवंता तर उठून बाहेर गेला आणि आपल्या घोड्याची शेपटी तपासून आला. मग हसत सुटला. "आरं, घोड्याच्या क्यासानं माणसं पडत्यात? ही असली चॅम्पियन?"

त्या संध्याकाळी बॉक्सरनं तंबूत पुकारा केला, तीन राउंड माझ्यापुढं कोण टिकतो? यशवंतानं पटका काढून माझ्या मांडीवर टाकला आणि रिंगणात चढला. पहिला ठोसा त्यानं हुकवला. दुसरा कुठनं आला ते आम्हालाही दिसलं नाही.

परत येताना टांगा मामानं हाकला. यशवंता मागं आडवा. रंकाळ्यापाशी आल्यावर डोळे न उघडताच म्हणाला, "मास्तर, तू म्हणलास ते खरं. क्यास घोड्याचंच हुतं."

"मग?"

"लाथबी घोड्याचीच हुती!"

* * *

रंगराव हातकणंगल्याच्या बाजूचा. त्याचा बाप तातोबा शेतकरी, एकुलतं एक पोरगं तालमीत घालायला स्वतः घेऊन आला. पहिला जांगा मीच शिवला. दोन वर्षांत पोरानं अशी उचल खाल्ली, की फळीवरच्या तिघांनीही त्याला ‘मी हुडकला’ म्हणून सांगायला सुरुवात केली. तातोबा ऐकून घ्यायचा. त्याला इतकंच ठाऊक, की पोरगं जन्मलं तेव्हा तो स्वतः तिथं होता.

एका जत्रेच्या मैदानात आम्ही सगळे मिळून रंगाची कुस्ती बघायला गेलो. कुस्ती लागली आणि तातोबा उठून आमच्यापुढं बसला. मैदानाकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड!

"तात्या, कुस्ती तिकडं हाय," मामा म्हणाला.

"असू दे. माझ्यानं बघवत न्हाय. तुमच्या तोंडावरनं कळंल मला."

रंगानं सात-आठ मिनिटांत समोरच्याची पाठ लावली. मैदान उठलं. यशवंतानं पटका उडवला. मामा कपाळाला हात लावून म्हणाला, "डाव चुकीचा टाकला, पडता पडता वाचला!" आप्पा म्हणाला, "एवढा वेळ लागायलाच नको होता."

तातोबा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "आरं, जिंकला का हरला, तेवढं तरी तिघं मिळून एक सांगा की!"

* * *

पुढच्या हिवाळ्यात रंगा नवा जांगा टाकायला आला. मी दोरी काढली. कमरेची गाठ जागच्या जागी. डाव्या मांडीची मात्र दोन बोटं आत आली; मांडी वाळली होती. दुसऱ्यांदा लावून बघितली, तेच; मग तिथं नवी गाठ मारली.

"गुडघा व्हय?" मी विचारलं.

त्यानं दाराकडं बघितलं. "सरावात पिळला, काका. हाडवैद्य म्हणतोय, आनी एकदा पिळला तर सरळ व्हायचा न्हाय. पर कुणाला सांगू नगासा."

मी हो म्हणालो.

बाहेर फळीवर नेमकी तीच बोलणी चालली होती. दिल्लीकडचा एक चॅम्पियन कोल्हापुरात येणार होता आणि त्याच्याशी रंगाची जोड बांधा, म्हणून हे तिघं गावभर सांगत सुटलेले. भजी खाणाऱ्याला मामा सांगे, टांग्यात बसणाऱ्याला यशवंता सांगे, कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्याला आप्पा सांगे. नुसत्या बोलण्यानं त्यांनी ती जोड गावाच्या तोंडी बसवली.

मी मशीन थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. "ही जोड नको."

तिघांनी माना वळवल्या. मग यशवंता हसला. "मास्तर, तू आपलं जांगं शिव!"

मी शिवत बसलो. त्या दिवशी थकवा आला तो शिवणकामाचा नव्हता.

तातोबाच्या कानावर मात्र ते गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच आला. "तू कवा मत देत न्हाईस मास्तर. काय दिसलं तुला?"

बापाशी खोटं कसं बोलायचं? मी रंगाची दोरी त्याच्या हातात दिली आणि दोन्ही मांड्यांच्या गाठी दाखवल्या. त्यानं बोटानं त्या कितीदा तरी मोजल्या.

पोराशी तो बोलला. पण भिंतीवर पाट्या लागल्या होत्या, नाव छापून आलं होतं. रंगा म्हणाला, "आता न्हाय म्हणलो तर गाव काय म्हणंल? फळीवरची काय म्हणतील?"

बापानं वाद घातला नाही. "जिंक न्हायतर हर," म्हणाला. "नांगरामागं चालाय पाय लागतोय. तेवढा पाय घरला घिऊन ये."

* * *

कुस्तीच्या दिवशी टांग्यातनं मैदानाकडं जाताना मी तिघांना सगळं सांगून टाकलं. रंगाला दिलेला शब्द परत मोडला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. यशवंतानं टांगा थांबवला. मागं वळून म्हणाला, "आदी का न्हाय बोललास?"

"बोललो की. तुमी म्हणालासा, जांगं शिव."

मैदान खच्चून भरलेलं. तातोबा आधीच येऊन बसला होता, मैदानाकडं पाठ करून. मागची माणसं ओरडत होती, "म्हातारबा, कुस्ती हिकडं हाय!" तो हलला नाही. आम्ही चौघं त्याच्यासमोर बसलो.

हलगी वाजली. सलामी झाली. रंगा वाघासारखा लढला, हे मी मत म्हणून सांगत नाही, बघितलं ते सांगतो. दहा मिनिटं चॅम्पियनला त्यानं हात धरू दिला नाही. मग डाव्या पायावर भार आला आणि तो पाय दुमडला. चॅम्पियन वर, रंगा खाली. पाठ लागली. मैदान एकदम ओरडलं. जिंकणाऱ्याकडचेही ओरडतात आणि हरणाऱ्याकडचेही, आवाजावरनं काही कळत नाही.

तातोबा आमच्या तोंडाकडं बघत होता.

"वा रं वाघा!" यशवंता ओरडला. त्याच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं, तरी त्यानं पटका उडवला.

"काय डाव टाकला! काय डाव टाकला!" मामा.

आप्पानं उभ्या जन्मात कुणाची तारीफ केली नव्हती. तो टाळ्या पिटत म्हणाला, "एक नंबर! एक नंबर!"

तातोबानं यशवंताकडं बघितलं. मामाकडं बघितलं. आप्पाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "तिघं एकाच मताची? हरला न्हवं?"

टाळ्या थांबल्या.

तो माझ्याकडं वळला. "मास्तर, तू बघ. कसा उठतोय?"

मी बघितलं. चॅम्पियननं हात दिला, रंगा उठला. डावा पाय जपून टेकवला, उचलला, परत टेकवला. वाकून माती घेतली, कपाळाला लावली. मग आमच्या बाजूला निघाला.

"येतोय," मी म्हणालो.

"कुणाच्या खांद्यावर?"

"न्हाय. चालत."

"दोनी पायांवर?"

"दोनी."

तातोबानं डोक्याचा पटका काढला, तोंड पुसलं आणि तिघांच्या अंगावर खेकसला, "मग गप का बसलासा? वरडा की!"