दोन वाजताचा फोन

हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मराठी वस्तीत राहणाऱ्या माया मोघे सतरा वर्षं तेलीबांध्याच्या एका ऑफिसात पडद्यासमोर बसत आल्या होत्या. उरला या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर, मीटर, नेटवर्कचे डबे यांत कुठेही बिघाड झाला की पडद्यावर लाल ओळ उमटे. मग मायाताई फोन उचलत. कोणत्या ओळीला कोणाचा नंबर, हे त्यांना तोंडपाठ होतं.

दुपारी दोनची एक ओळ तर ठरलेलीच. लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये पाळी बदलली, मोठी मोटर सुरू झाली, की भट्टीच्या गॅसच्या खोलीतली विजेची लाइन क्षणभर पडे आणि तिथला नेटवर्कचा डबा अडकून बसे. मायाताई लहानूला फोन लावत. लहानू गोंदियाकडचा, भट्टीवर राबणारा, कानाने जरा अधू.

"लहानूभाऊ, डबा पडला!"

"पडू द्या ना ताई, मी तं उभा हावो! जाऊन राहिलो."

दोन मिनिटांत ओळ हिरवी.

थंडीत कंपनीने नवी व्यवस्था आणली. बिघाड झाला की त्यावरचा इलाज यंत्रानेच करायचा, माणसाची वाट बघायची नाही. सचिन नावाचा इंजिनियर खुर्ची ओढून मायाताईंजवळ बसला आणि कोणत्या अलार्मला काय करता, ते एकेक करून विचारत गेला. चाळीस नियम तयार झाले. दोन वाजताचा सगळ्यांत सोपा: डबा अडकला की इथूनच बंद करून चालू करायचा आणि ओळ मिटवायची.

"और कुछ करते थे, दीदी?"

"नाही रे. बस, डबा चालू."

नऊ दिवस सुरळीत गेले. दहाव्या दिवशी दोनला ओळ लाल झाली आणि आपली आपण मिटली. दोन वीसला पुन्हा. दोन पस्तीसला परत. तिन्ही वेळा यंत्राने क्षणात हिरवं केलं. मायाताईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"सचिन, तीनदा पडली. असं कधी झालं नाही."

"हरा है ना, दीदी? लहानू भैया की याद आ रही है क्या?"

मागची पोरं हसली. मायाताईंनी नंबर फिरवला. पूर्ण वाजून फोन बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी मिलच्या गेटवर फोन केला.

"भैया, गैस वाले कमरे में आदमी भेजो. अकेला नहीं, दो जन!"

"क्यों, क्या हुआ?"

"मालूम नहीं! तुम भेजो बस!"

त्यांनी फोन कानावरून काढला नाही. पलीकडे ट्रकांचे हॉर्न, लोखंडाचा खणखणाट. समोरचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार. अकरा मिनिटांनी पलीकडे ओरडा झाला.

लहानू गॅसच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. आतल्या खुंटीवरचा जेवणाचा डबा घ्यायला गेला आणि गॅसने कोसळला. त्या गॅसला वास नसतो. त्याचं मीटर होतं, पण ते त्याच नेटवर्कच्या डब्यावर; मोटर त्या दिवशी परत परत बंद पडून सुरू होत होती, डबा सारखा पडत होता आणि मीटर जुळायच्या आत पुन्हा तुटत होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो बोलू लागला.

"ताई, तुमचा फोन आला का मी डबा चालू करो, अन् संगं गॅस भाईर फेकणारा पंखा बी. लाइन एकच हाये ना दोघाईची. डबा तुम्ही तिकडून चालू केला, पंखा कोण करन? भट्टीपाशी तं तो बंद पडला हे ऐकूही येत नाही."

"मले काहून नाही सांगितलं कधी?" मायाताईंनी त्याच्याच बोलीत विचारलं.

"तुम्ही कधी इचारलं?"

म्हणजे दहा दिवस पंखा दोनपासून पुढच्या पाळीतला माणूस खोलीत येऊन तो लावेपर्यंत बंदच राहत होता. एवढे दिवस गॅस गळला नाही, हे नशीब.

ऑफिसात सचिनचं तोंड उतरलं होतं. "रूल में पंखा जोड़ देते हैं, दीदी."

"जोड. आणि बाकीचे एकोणचाळीस?"

मायाताईंनी सगळे नियम बंद करायला लावले, यादी समोर घेतली आणि पहिला नंबर फिरवला. एका पंपहाउसचा.

"मी फोन केला की तुम्ही स्विच लावता. तेव्हा आणखी काय काय करता?"

"कुछ नहीं मैडम," तिकडचा माणूस हसला. "बस स्विच."

"याद करके बताओ," मायाताई म्हणाल्या. "मैं रुकी हूँ."