मेंढ्या कुणी बसवल्या

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन शहरातल्या माझ्या पुंडलिकनगरच्या घरी आला, तेव्हा मला वाटलं पत्ता चुकला असेल. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करणारी बाई मी, माझ्यावर कोण दावा लावणार? कागद उघडला तर वादी म्हणून माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं नाव. मी त्याच्या ताब्यातल्या जमिनीत अडथळा आणते म्हणं, मला कायमची मनाई करा. जमीन कुठली? सोयगावकडची दोन एकर, वडिलांनी जिवंतपणी बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केलेली. माझा गुन्हा एवढाच की रिटायर झाल्यावर तिथं दोन खोल्या बांधून राहीन, असं मी दिवाळीत बोलले होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

शेत तोच कसायचा, हे खरं. मीच दिलं होतं. "ताई, तू कुठं धावपळ करतीस, मी बघतो ना," म्हणायचा आणि मला भरून यायचं. सातबाऱ्यावर पीक नोंदवायला मोबाईलवरची पीक पाहणी आली तेव्हाही शेतात उभं राहून फोटो त्यानंच काढले, कसणारा म्हणून स्वतःचं नाव टाकलं. फोन करून विचारलं होतं बरं का. मी म्हटलं, टाक रे, तू काय परका आहेस? एवढी मी शहाणी.

पण त्याच्या कागदांत जिवाला लागलं ते दुसरंच. आमच्याकडं पीक निघालं की मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखत पडावं म्हणून. ज्याचं रान, तोच मेंढपाळाला बोलावतो आणि धान्य देतो. दरसाल माझ्या रानात मेंढ्या बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं शपथपत्रावर अंगठा दिला होता की मला भाऊच बोलावतात, रान त्यांचंच. माझ्या वाट्याच्या ज्वारीतलं एक पोतं दरवर्षी त्याला जायचं, वर त्याच्या बायकोला मी इथून लुगडं घेऊन द्यायचे. त्या दिवसांत शाळेच्या परीक्षा, मला निघता यायचं नाही, म्हणून सगळं भावाच्या हाती पाठवायचे. माझं खाऊन हा माणूस असं करतो? मी वकिलांना म्हटलं, लिहा, हा साक्षीदार विकला गेलाय, धडधडीत खोटं बोलतोय. आणि शपथेवर सही केली.

मनाई हुकूम झालाच. निकाल लागेपर्यंत मी त्या शेतात पाय ठेवायचा नाही. वकील म्हणाले, "मालकी तुमची दिसते, पण ताबा त्यांचा. अपील करू. तो म्हातारा खरं बोलायला तयार होतो का बघा."

गेले. रानात मेंढ्या बसलेल्याच होत्या. मी बांधाबाहेर, रस्त्यावर उभी राहिले. बोलायचं सगळं बसमध्ये घोकून ठेवलं होतं, एकेक शब्द झोंबेल असा. म्हातारा काठी टेकत आला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कुणाकडं आलात, बाई?"

घोकलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. मग विचारलं, "हे रान कुणाचं?"

"भाऊंचं. लई चांगला माणूस. पोतंभर ज्वारी देतो. आमच्या म्हातारीला दरसाल लुगडं."

"त्यांना बहीण हाय ना एक?"

"व्हय, शहरात असती म्हणं. आम्ही नाय पाहिली कधी."

म्हातारा खरंच बोलत होता. त्या फायलीत खोट्या शपथेखाली सही होती ती माझी. आणि भाऊ पहिल्या लुगड्यापासून माझा केसानं गळा कापत होता, मी मात्र दरवर्षी रंग निवडत बसायचे. त्या अनोळखी माणसासमोर मला रडू आवरेना.

तो बावरला. काठीनं मेंढ्या बाजूला सारून त्यानं बांधावरून वाट मोकळी केली. "उन्हात नका उभ्या राहू. आत या, झाडाखाली बसा. पाणी देतो."

"नको बाबा," मी म्हटलं. "मला आत यायची मनाई हाय."