ओली लगड

चंद्रपूरच्या त्या ओतकाम करणाऱ्या चाचांचं नाव मी विचारलंच नाही. त्यांच्या थपडेनं मी स्वतःचंच नाव दोन दिवस विसरलो होतो. त्यांना दाढी एकाच गालावर. मला वाटलं, न्हावी अर्ध्यातच पळाला असावा.

मला पंपाचा पंखा ओतून हवा होता. चाचा अल्युमिनियमच्या लगडी भट्टीच्या काठावर भाकरीसारख्या उलटून-पालटून शेकत होते. मला घाई. अंगणात पावसानं भिजलेली एक लगड उचलून मी वितळलेल्या रसात टाकणार, तोच गालावर वीज पडली!

"मले काऊन मारलं, चाचा?"

त्यांनी ती लगड काठावर ठेवली. तिच्या भेगेतून फसफसून वाफ निघाली.

"हे पाणी रसात गेलं असतं, तं सारा रस तुमच्या तोंडावर उडला असता, भाऊ."

मग बिनदाढीच्या, आकसलेल्या गालावरून हात फिरवत म्हणाले, "मले वेळेवर मारणारं कोणी नव्हतं."